स्थळ : घराचे अंगण

जन्मभर एका जागी खिळलेल्या वस्तूंचे आराखडे काढणाऱ्या माणसाने निवृत्तीनंतर चालत्या गाडीचा आराखडा हाती घेतला, तेव्हा त्याला खरोखर कुठे जायचे होते का? हा प्रश्न त्यांच्या मुलीला पडला, समोरच्या वेल्डरला पडला, गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी तर त्यावर कितीतरी संध्याकाळी काढल्या. आणि हे तपशील गोळा करून मांडणाऱ्यालाही त्याचे उत्तर देता आलेले नाही. खुद्द त्या गृहस्थांना विचारावे, तर ते चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "आधी विजेचा भार ठरू द्या."

वीजखात्याच्या संकल्पन विभागात त्यांची सारी नोकरी उपकेंद्रांचे आराखडे करण्यात गेली. खात्यात त्यांना राखीवसाहेब म्हणत. जितकी गरज असेल त्यावर पाव हिस्सा राखीव धरायचा, हा नियम खात्याचाच होता; परंतु नियम पाळणे आणि नियमावर जीव जडणे यांत जो फरक असतो, तो पाहायचा तर त्यांच्या टेबलाशी जावे लागे. त्यांच्या खिशात तीन पेने असत. एक लिहिण्यासाठी, दुसरे ते न उठल्यास, आणि तिसरे दोन्ही एकदम दगावल्यास. घरी पाहुणा एक आला तर चहा तिघांचा ठेवायला सांगत. त्यांनी आखलेले एकही उपकेंद्र कधी अपुरे पडले नाही, ही गोष्ट त्यांचे विरोधकही मान्य करत. त्यांतली बरीचशी कधी अर्धीसुद्धा वापरली गेली नाहीत, ही गोष्ट मात्र विरोधकच तेवढे बोलत.

त्यांच्या पत्नी भूगोलाच्या शिक्षिका. शाळेत सगळे त्यांना बाई म्हणत, आणि घरात यजमानही बाईच म्हणत. फळ्यावर नदी काढावी ती बाईंनीच, अशी त्यांची ख्याती होती. डोंगरात उगम पावलेली ती रेघ खडू न उचलता पठारावरून, वळणावळणांनी मैदानात उतरे आणि सरळ समुद्रात शिरे. पिढ्यान्‌पिढ्यांना त्यांनी नदीचे मुख शिकवले. स्वतः मात्र ते कधी पाहिले नव्हते. दर सुट्टीत निघायचे ठरे आणि दर सुट्टीत राखीवसाहेब विचारत, "आणि ऐन वेळी एखादा ट्रान्सफॉर्मर बसला तर?" ट्रान्सफॉर्मर बसवणे किंवा उठवणे हे त्यांच्या विभागाचे कामच नव्हते. पण प्रश्न इतक्या गांभीर्याने येई की, बाई बांधलेली बॅग पुन्हा सोडत.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी बाईंच्या डोळ्यांची तक्रार सुरू झाली. पाहू त्याचा नेमका मधला भाग धूसर होई, कडा तेवढ्या शाबूत राहत. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की, हे थोपवता येईल तेवढे थोपवू, परतवता येणार नाही. जे पाहायचे राहिले असेल ते पाहून घ्या. बाहेर आल्यावर बाई हसून म्हणाल्या, "किनारा दिसतो, देश दिसत नाही." घराच्या फाटकाशी आल्यावर राखीवसाहेब कडी उघडता उघडता म्हणाले, "नदीच्या मुखाशी जाऊ. आपल्या घरासकट जाऊ."

घरासकट, कारण परक्या गादीवर त्यांना झोप येत नसे आणि परक्या नळाचे पाणी त्यांना चालत नसे. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला होती. तिने फोनवर सुचवले की, ती रजा काढून येईल आणि आईला रेल्वेने घेऊन जाईल. त्यात एवढे काय आहे. बाईंनी नको म्हटले. त्यांचे म्हणणे असे की, या माणसाने जन्मात पहिल्यांदा कुठे जायचे कबूल केले आहे, तर ते त्याच्याच हातून होऊ दे. मुलीने मग वाद घातला नाही. एका लाँड्रीने काढून टाकलेली विजेवर चालणारी मालवाहू व्हॅन तिनेच शोधून दिली. आत दोन माणसांचा पलंग, छोटा ओटा आणि पाण्याची टाकी बसेल एवढी जागा होती. दोन्ही अंगांना लाँड्रीचे नाव खरवडून काढले होते, पण त्याखालचा एक शब्द रंगात इतका मुरला होता की, तो काही केल्या निघेना. तो शब्द होता : वेळेवर.

आता प्रश्न उरला विजेचा. नदीच्या मुखाशी गाडी चार्ज करायची सोय नव्हती. तेव्हा छतावर सौर पॅनेल घालायचे ठरले, आणि इथून राखीवसाहेबांचा दुसरा जन्म सुरू झाला.

प्रथम भार. त्यांनी बाईंना ओट्यापाशी बसवून, जशी एखाद्या गावाची वीजमागणी ठरवावी, तशी विचारपूस केली. दिवसातून चहा किती वेळा? पंखा कोणत्या वेगावर? वाचायचा दिवा किती वेळ? शेवटच्या प्रश्नाशी बाई थांबल्या आणि म्हणाल्या, "तो थोडाच धरा." त्यांनी तो दुप्पट धरला. सगळ्याची बेरीज झाली, तीवर पाव हिस्सा राखीव चढला, आणि आराखडा अ तयार झाला. त्यात चार पॅनेल होती आणि ती छतावर नीट मावत होती. ती तेव्हाच चढवली असती तर हा मजकूर लिहिण्याचे कारण उरले नसते.

परंतु खात्यात कोणताही आराखडा तीन हातांतून गेल्याशिवाय आराखडा ठरत नसे. एकाने काढायचा, दुसऱ्याने तपासायचा, तिसऱ्याने मंजूर करायचा. राखीवसाहेबांचे तपासनीस आणि त्यांचे मंजुरीसाहेब, दोघेही निवृत्त होऊन जवळपासच राहत होते, आणि दोघांचीही अवस्था तपासायला व मंजूर करायला काही न उरल्यामुळे दयनीय झाली होती. तपासनीस घरी आलेली वाण्याची पिशवी तपासत; मंजुरीसाहेब नातवंडांच्या झोपण्याच्या वेळा मंजूर करत आणि त्या मंजुरीला कोणी विचारत नसे. राखीवसाहेबांनी निरोप धाडताच दोघे इस्त्रीचे शर्ट घालून हजर झाले.

आराखड्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. तिच्यात कामाचे नाव, काढणाऱ्याची, तपासणाऱ्याची व मंजूर करणाऱ्याची सही, आणि स्थळ, असे रकाने असतात. तपासनिसांनी भिंग काढले आणि स्थळाचा रकाना कोरा असल्याचे दाखवले. राखीवसाहेब म्हणाले की, गाडी आहे, तिला स्थळ कसले. तपासनिसांनी त्यांच्याकडे, पूर्वी नवशिक्यांकडे पाहत तसे पाहिले. स्थळ नसलेला आराखडा त्यांनी उभ्या नोकरीत पुढे जाऊ दिला नव्हता. उन्हाचा कोन कुठला धरायचा? सावली कशाची मोजायची? वारा कुठल्या बाजूचा? बराच खल झाला. अखेर मंजुरीसाहेबांनी तोडगा काढला की, गाडी आज जिथे उभी आहे ते स्थळ धरावे, पुढचे पुढे. रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिले गेले : घराचे अंगण.

एकदा स्थळ मिळाले, आणि तिघांच्या अंगात बारा हत्तींचे बळ आले. अंगणात कोणत्या महिन्यात किती ऊन येते ते मोजले गेले. शेजारच्या गच्चीवरच्या टाकीची सावली दुपारनंतर व्हॅनच्या मागच्या कोपऱ्यावर पडते, हे ध्यानात आले. सौर पॅनेल एका रांगेत जोडली की, एकावर सावली येताच सगळी रांग मंदावते. खात्यात एका टेबलावर कोणी पेंगले की, सगळा विभाग कसा थंडावतो, हे पाहिलेल्या त्या तिघांना हे समजावून सांगावे लागले नाही. म्हणून पॅनेले पुढे सरकवली. पुढे जागा पुरेना म्हणून ती छताबाहेर काढली. अंगणातले सर्वाधिक ऊन दक्षिणेकडून येते, तेव्हा पत्र्याच्या छपरासारखा तिरपा, दक्षिणेकडे तोंड केलेला लोखंडी सांगाडा ठरला. तपासनिसांनी राखीवसाहेबांच्या राखीव भागावर स्वतःचा राखीव भाग चढवला, कारण काढणाऱ्याने काही राखले असेल असे तपासणाऱ्याने गृहीत धरू नये, असा दंडक होता. मंजुरीसाहेबांनीही मग हात आखडता घेतला नाही.

सांगाड्याने वजन वाढले. वजन वाढल्याने गाडीला वीज जास्त लागणार, म्हणून पॅनेले वाढली. पॅनेले वाढल्याने सांगाडा वाढला. या चक्राकडे तिघेही जण, एखादा जुना मित्र भेटावा तसे, प्रेमाने पाहत राहिले. वाऱ्याचा दाब त्यांनी काटेकोर काढला, पण तो अंगणातल्या वाऱ्याचा. गाडी धावली की, ती स्वतःच वारा उभा करते, ही बाब स्थळाच्या रकान्यात बसत नव्हती.

सांगाडा करायचे काम समोरच्या वेल्डरकडे गेले. हा मनुष्य जन्मभर खिडक्यांच्या जाळ्या करून वैतागला होता. आपल्या हातून काहीतरी भव्य घडते आहे, या जाणिवेने त्याने सांगाड्याच्या टोकांना मनानेच दोन वेलबुट्ट्या जोडल्या. बाईंना तो म्हणाला, "काकू, एवढ्या लोखंडात माझी अख्खी गल्ली कुलपात बसली असती." बाई म्हणाल्या, "आम्ही दोघं बसलोय, तेवढं पुरे."

सर्वांत शेवटी अर्थिंगचा मुद्दा निघाला. रबरी टायरांवर उभी असलेली वस्तू म्हणजे जमिनीशी संबंध तोडलेली वस्तू. तिच्यात विजेचा दोष उद्भवला तर तो जाणार कुठे? उपकेंद्राच्या शिस्तीत याला एकच उत्तर होते. अंगणात खड्डा खणून त्यात लांब सळई पुरली गेली, आणि तिच्यापासून तांब्याची जाड पट्टी आणून ती व्हॅनच्या सांगाड्याला चार बोल्टांनी आवळली. ज्या दिवशी चालती गाडी जमिनीला अशी बांधली गेली, त्या दिवशी तिघांनी समाधानाने चहा घेतला. चहा पाच जणांचा केला होता.

मधल्या काळात आराखड्याच्या अ, ब, क अशा सुधारणांना अक्षरे अपुरी पडू लागली होती. मुलगी फोन करी आणि विचारी, "बाबा, निघणार कधी?" ते म्हणत की, मंजुरीच्या टप्प्यात आहे. बाई आता पेपरातली मोठी अक्षरेही भिंगाखाली, मान तिरपी करून वाचत. त्या तक्रार करत नसत. आणि राखीवसाहेबांनी तर तो विषय कधी काढलाच नाही. फक्त त्यांच्या आराखड्यांतल्या रेघा सुधारणेगणिक जाड होत गेल्या. तपासनिसांनी एकदा विचारले की, पेन्सिल बदललीत की काय. ते म्हणाले की, घरात आराखडा बघणारी आणखीही माणसे आहेत. तपासनिसांनी भिंग खिशात ठेवले. रेघांच्या जाडीबद्दल शेरा न मारण्याची ती त्यांची पहिलीच वेळ असावी.

चाचणीचा दिवस ठरला. मुलगीही येऊन पोचली. गल्लीतली माणसे कुंपणाला टेकली. वेल्डरने वेलबुट्ट्यांना चंदेरी रंग दिला होता. व्हॅनच्या डोक्यावरचा तो सांगाडा दक्षिणेकडे तोंड करून असा उभा होता की, खाली गाडी आहे हे सांगितल्यावरच दिसे. राखीवसाहेबांनी कळ दाबली, आणि मीटरवर हिशेबाहून जास्त वीज येऊ लागली. तपासनिसांनी तो आकडा दोनदा तपासला. मंजुरीसाहेबांनी राखीवसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. खात्यात असताना त्यांनी कोणाच्याही पाठीवर थाप मारल्याची नोंद नाही.

बाई पायरीवर बसल्या होत्या. त्यांनी मान किंचित वळवून सांगाडा कडेने पाहिला आणि वर्गात विचारत त्याच सुरात विचारले, "अहो, नदीचं मुख इथून कुठल्या दिशेला?"

"उत्तरेला," राखीवसाहेब म्हणाले.

"आणि आपलं फाटक?"

"पश्चिमेला."

"म्हणजे फाटकातून निघाली की गाडी वळली. पुढच्या वळणावर आणखी वळली. मग ही पॅनेलं कुणाकडे बघणार?"

कुंपणापाशी कोणीतरी खोकले. मंजुरीसाहेबांनी सांगितले की, मंजुरी दिलेल्या स्थळासाठी आराखडा निर्दोष आहे. तपासनीसही म्हणाले की, प्रवासातल्या दिशा हा मुद्दा कार्यकक्षेत नव्हता, पण यावर तोडगा आहे. सांगाड्याखाली फिरता पाट बसवला तर तो सूर्याकडे वळत राहील. मात्र त्याच्या मोटारीला वीज लागेल, तेव्हा पॅनेले थोडी वाढवावी लागतील. एकाच सुधारणेचे काम. राखीवसाहेबांचा हात नकळत खिशातल्या पहिल्या पेनाकडे गेला.

मुलगी पुढे झाली होती. बाईंनी तिला हातानेच थांबवले. त्या पायरीवरून उठल्या, चाचपत व्हॅनपाशी आल्या आणि तांब्याच्या पट्टीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"परवा मी घरीच पाटीवर नदी काढून बघितली," त्या म्हणाल्या. "समुद्रापर्यंत पोचलीच नाही. मध्येच कुठे गेली ते दिसेना. मला ती बघायचीये. वीज कमी पडली तर दुपारी उन्हात थांबू."

"आणि राखीव?" राखीवसाहेबांनी विचारले. आवाज अगदी बारीक होता.

"राखीव होतं ते मी ठेवलं होतं, इतक्या सुट्ट्या. तेही आता संपत आलंय."

राखीवसाहेब आत गेले आणि पाना घेऊन आले. पाने तीन आणले होते. पहिलाच बसला. त्यांनी तांब्याच्या पट्टीचे चारही बोल्ट स्वतः सोडले. वेल्डर मदतीला सरसावला, तेव्हा त्याला हातानेच बाजूला केले. तपासनिसांनी खालच्या आवाजात विचारले की, हे कोणत्या सुधारणेत धरायचे. राखीवसाहेब म्हणाले, "आराखडा अ." वेल्डरने सांगाडा उतरवला, चार पॅनेले छतावर आडवी, आकाशाकडे तोंड करून बसवली, आणि वेलबुट्ट्या जड अंतःकरणाने घरी नेल्या. त्या पुढे त्याच्या दुकानाच्या पाटीला लागल्या. मंजुरीसाहेबांना सही करायला काही उरले नव्हते. त्यांनी फाटक उघडून धरले.

प्रवासाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही, कारण तो फार सावकाश झाला. राखीवसाहेब गाडी अशी हाकत की, सायकलवाले घंटी वाजवून पुढे जात. बॅटरी कधी निम्म्यावर आली की त्यांचा चेहरा उतरे. ती निम्म्याखाली गेली, तेव्हा आपण यापूर्वी कधीच या बाजूला आलो नव्हतो, हे त्यांना जाणवले. दुपारी गाडी उन्हात उभी करायची आणि आपण तिच्या सावलीत बसायचे, असा क्रम पडला. एकदा ढग आले, आणि बंद पडलेल्या एका पेट्रोलपंपाच्या आवारात त्यांना दुसऱ्या दिवसाच्या उन्हाची वाट पाहावी लागली. बाईंनी चहाला पाणी ठेवले, तेव्हा राखीवसाहेबांनी एक चहा म्हणजे अर्धा किलोमीटर, असा हिशेब ऐकवला. बाई म्हणाल्या, "मग मला अर्धा किलोमीटर द्या. साखर कमी." त्या दिवशी चहा दोघांचाच झाला, जन्मात पहिल्यांदा मोजून.

नदीच्या मुखाशी ते सकाळच्या उन्हात पोचले. राखीवसाहेबांनी गाडी वाळूच्या कडेला लावली. ती लावताना छताची दिशा त्यांनी पाहिली नाही, असे म्हणवत नाही. पण पाहून पुन्हा वळवली नाही, एवढे खरे. बाई पुढे जाऊन उभ्या राहिल्या. समोर सरळ पाहिले तर धुके, म्हणून त्यांनी मान आधी डावीकडे आणि मग उजवीकडे वळवली, आणि दोन्ही कडांनी मिळून ती नदी हळूहळू गोळा केली. नदी समुद्रापाशी येऊन थबकली होती. वाळूचा लांबलचक बांध तिला आडवा आला होता, आणि त्याच्या आतल्या अंगाने ती किनाऱ्याला समांतर पार दूरवर गेली होती. तिथे कुठेतरी, अगदी अरुंद जागेतून, ती समुद्रात शिरत होती.

"अहो, ही सरळ जातच नाही," बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं मी पोरांना चुकीचं काढून दाखवलं."

त्या हसू लागल्या आणि हसता हसता वाळूत बसल्या. राखीवसाहेबही शेजारी टेकले. त्यांनी खिशातून पेन काढून हातरुमालावर ती वळलेली नदी जाडजूड रेघेने काढली आणि बाईंच्या नजरेच्या कडेला धरली. बाईंनी पाहून वळण आणखी मोठे करायला सांगितले. पहिले पेन वाळूने अडले, दुसरेही. रेघ तिसऱ्याने पुरी झाली, आणि त्याबद्दल ते चकार शब्द बोलले नाहीत. गाडीत बॅटरीचा आकडा काय झाला असेल, हे पाहायला त्या सकाळी कोणी उठले नाही.

त्यांना खरोखर जायचे होते का, हे यावरूनही ठरत नाही. परत आल्यावर आठवड्याभरात त्यांनी तपासनिसांना बोलावून, बाईंना हाताने चाचपून वाचता येईल अशा उठावदार नकाशांचा आराखडा काढायला घेतला, आणि त्याचा स्थळाचा रकाना भरण्यावरून दोघांत पुन्हा वाद झाला.

बाईंची वाचण्यापुरती दृष्टी २०१७ च्या अखेरीस गेली. २०२२ साली घराच्या अंगणात नवी फरशी बसवली, तेव्हा अर्थिंगची सळई आणि तांब्याची पट्टी जागच्या जागी ठेवण्यात आली. पट्टीच्या मोकळ्या टोकाला आजही काही जोडलेले नाही.